सेकंदाचा शंभरावा भाग : प्रचंड वीजप्रवाह तोडण्याचा इतिहास

#थ्रेड

१/२४
डिसेंबर १९२५. अर्नेस्ट रदरफर्ड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा आटोपून इंग्लंडकडे परतत होते. त्यांना वाटेत गाठावे म्हणून केंब्रिजहून कैरोच्या पत्त्यावर एक पत्र निघाले. लिहिणारे होते त्यांचे रशियन सहकारी प्योत्र कापित्सा. नवे यंत्र चालू झाले आहे, २ लाख ७० हजार गॉसच्या पुढचे चुंबकीय क्षेत्र मिळाले आहे, आणि तारेचे वेटोळे मोठ्या धमाक्यासह फुटले आहे, असा त्यातला मजकूर होता.

२/२४
वेटोळे फुटल्याचे कापित्सांना दुःख नव्हते. उलट सगळ्या प्रयोगांत हा अपघातच सर्वांत उद्बोधक ठरला, असे त्यांनी कळवले. १३ हजार अँपिअरचा प्रवाह अवचित तुटला की उसळणारा विजेचा लोळ कसा असतो, हे आता ठाऊक झाले होते. त्याने यंत्राला इजा होत नाही, आणि पुरेसा लांब उभा असेल तर प्रयोग करणाऱ्यालाही होत नाही, अशी मिस्कील ग्वाहीही पत्रात होती. घरातल्या ३ किलोवॅटच्या गिझरमधून साधारण १३ अँपिअर वाहतात. येथे त्याच्या हजारपट प्रवाह होता.

३/२४
एवढा प्रवाह निर्माण करणे त्या काळीही अशक्य नव्हते. कठीण होते ते त्याला थांबवणे. वाहत्या नळाची तोटी झटकन बंद केली की पाइप धडकतो. वाहणारे पाणी आपला वेग एकदम सोडायला तयार नसते. विजेचेही तसेच आहे. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठते. प्रवाह तोडायचा म्हणजे त्या ऊर्जेला कोठेतरी जागा करून द्यायची.

४/२४
हिशेब साधा आहे. १ मिलिहेन्री प्रेरकत्वाच्या कुंतलातून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, १० हजार अँपिअर वाहत असतील, तर त्यात ५० हजार ज्यूल ऊर्जा असते. हा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागात शून्यावर आणला, तर तुटलेल्या टोकांमध्ये १० हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तोच दशलक्षाव्या भागात आणायचा म्हटला, तर १ कोटी व्होल्ट! एवढ्या दाबापुढे हवेचा अडथळा टिकत नाही. हवाच वाहक बनते, टोकांमध्ये तेजस्वी आर्क पेटतो आणि प्रवाह त्यातून वाहतच राहतो. स्विच उघडलेला दिसतो, पण परिपथ तुटलेला नसतो.

५/२४
ही गोष्ट प्रथम ध्यानी आली ती अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या ठिणगीतून. अमेरिकेत ऑल्बनी येथे शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रींनी १८३२ मध्ये नोंदवले की, बॅटरीला जोडलेली आखूड तार सोडवली तर विशेष काही होत नाही. लांब तार सोडवली तर मात्र लखलखीत ठिणगी पडते, आणि तारेचे वेटोळे केलेले असेल तर ती आणखी प्रखर होते. बॅटरी तीच, फरक फक्त तारेचा. १८३४ मध्ये मायकेल फॅरडेंनीही स्वतंत्रपणे याच परिणामाचा माग घेतला. प्रेरकत्वाच्या एककाला पुढे हेन्रींचेच नाव मिळाले.

६/२४
त्या ठिणगीवरचा पहिला नामी उपाय १८५३ मध्ये पॅरिसला सापडला. रुमकॉर्फ यांच्या प्रवर्तन कुंतलात प्रवाह सतत जोडावा-तोडावा लागे आणि तोडणारी टोके जळून जात. इप्पोलित फिझो यांनी त्या टोकांना समांतर एक कंडेन्सर जोडला. तुटणाऱ्या प्रवाहाला क्षणभर आसरा मिळाला. ठिणगी मंदावली आणि कुंतलाचा दाब उलट वाढला. जुन्या स्कूटरचे मिस्त्री ‘पॉइंट’ घासताना शेजारचा ‘कंडेन्सर’ तपासत, तो याच युक्तीचा वंशज. प्रवाहाला अडवण्यापेक्षा दुसरी वाट द्यावी, हा या इतिहासातला पहिला धडा.

७/२४
आता पुन्हा कापित्सांकडे. १८९४ मध्ये क्रोन्श्टाट येथे जन्मलेल्या या तरुणाने १९१९-२० च्या हिवाळ्यात साथीच्या रोगांत वडील, पत्नी आणि दोन्ही मुले गमावली. १९२१ मध्ये सोव्हिएत शिष्टमंडळाबरोबर ते इंग्लंडला आले आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड यांच्या हाताखाली रुजू झाले. शिक्षण पेट्रोग्राडच्या पॉलिटेक्निकमधले, त्यामुळे वृत्ती अर्धी भौतिकशास्त्रज्ञाची, अर्धी अभियंत्याची. कॅव्हेंडिशमध्ये लाख आणि दोऱ्याने उपकरणे जोडण्याची परंपरा होती. तेथे कापित्सा अवजड विद्युत अभियांत्रिकी घेऊन आले.

८/२४
त्यांना अल्फा कणांचे मार्ग वाकवायचे होते आणि त्यासाठी फार तीव्र चुंबकीय क्षेत्र हवे होते. लोखंडी गाभ्याचा चुंबक येथे अपुरा पडतो, कारण २० हजार गॉसच्या आसपास लोखंड संपृक्त होते. लोखंडाविना, केवळ तांब्याच्या कुंतलातून अफाट प्रवाह सोडावा, तर तांबे वितळते. कापित्सांचा विचार वेगळ्या दिशेने गेला. कण कुंतलातून क्षणार्धात निघून जातो. मग क्षेत्र तासभर कशाला हवे? क्षणभर पुरे. तेवढ्या वेळात तांब्याला वितळण्याइतके तापायला सवडच मिळणार नाही.

९/२४
प्रथम त्यांनी खास बनवलेल्या शिशाच्या संचायक बॅटऱ्या वापरल्या आणि १९२४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पण बॅटरीची ताकद मर्यादित होती, आणि तिचा प्रवाह एकाच दिशेचा. तो आपणहून शून्यावर येत नाही. त्याला तोडायचे म्हणजे पूर्ण भरात असताना तोडायचे. प्रवाह वाढवू तसा तोडण्याचा प्रश्न अधिक बिकट होणार, हे उघड होते.

१०/२४
उत्तर प्रत्यावर्ती प्रवाहात होते. तो वाढतो, शिखर गाठतो, उतरतो, शून्यातून जातो आणि उलट्या दिशेने वाहू लागतो. शून्याच्या त्या क्षणी कुंतलात ऊर्जा उरलेली नसते. नेमक्या तेव्हाच टोके विलग केली, तर तोडायला काही नसतेच! म्हणून कापित्सांनी ठरवले : मोठे जनित्र पूर्ण वेगाने फिरवायचे, त्याची टोके कुंतलातून ‘शॉर्ट’ करायची, प्रवाहाची एकच अर्धी लाट वाहू द्यायची आणि ती संपताक्षणी परिपथ उघडायचा. या सगळ्याला मुदत सेकंदाच्या शंभराव्या भागाची.

११/२४
असे जनित्र बाजारात मिळण्याजोगे नव्हते. एरवी जनित्र बांधणारे शॉर्ट सर्किटपासून त्याला जपतात. येथे तेच त्याचे नित्यकर्म ठरणार होते. माइल्स वॉकर आणि सोव्हिएत अभियंता मिखाईल कोस्टेन्को यांच्या साहाय्याने आराखडा झाला, आणि मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने यंत्र घडवले. त्याच कंपनीत उमेदवारी केलेले जॉन कॉक्रॉफ्ट कॅव्हेंडिशमध्ये होते. त्यांनी कुंतलांच्या रचनेला हातभार लावला. लाटेचे शिखर शक्य तितके सपाट राहील, अशी गुंडाळणी योजली, म्हणजे मोजमापाच्या काळात क्षेत्र स्थिर राहील.

१२/२४
सर्वांत नाजूक भाग होता स्विच. कोणाही माणसाचा हात या कामाला पुरणार नव्हता. म्हणून स्विचची हालचाल यंत्राच्याच फेऱ्याशी बांधलेल्या कॅमवर सोपवली. अचूकता किती हवी? साधी साइन लाट आणि १० हजार अँपिअरचे शिखर धरले, तर शून्याच्या १/१००० सेकंद आधी टोके उघडल्यास सुमारे ३,१०० अँपिअर तोडावे लागतात. १/१०,००० सेकंद आधी उघडल्यास सुमारे ३१०. आणि उशीर झाला तर प्रवाह उलट दिशेने पुन्हा चढू लागतो. मेहनतीने उभारलेले सारे या एका क्षणावर तोललेले होते.

१३/२४
दुसरे संकट जमिनीतून येणार होते. शॉर्ट होताच जनित्राला असा हिसका बसे की त्याचा धक्का पायाबांधणीतून छोट्या भूकंपासारखा पसरे. या हादऱ्यात नाजूक मोजमाप होणार कसे? कापित्सांनी हादऱ्याशी झुंज घेतली नाही. प्रयोगाचे कुंतल त्यांनी यंत्रापासून सुमारे २० मीटर लांब ठेवले. धक्क्याची लहर तेथे पोहोचायला सेकंदाचा शंभरावा भाग घेते, आणि तोवर प्रयोग संपलेला असतो. लहर येते तेव्हा टेबल हादरते, पण नोंद झालेली असते.

१४/२४
कैरोला धाडलेल्या पत्रातला धमाका याच यंत्राचा. १ सेंटिमीटर व्यासाच्या पोकळीभोवतीचे कुंतल चुंबकीय ताणाने फुटले. प्रवाह ठरलेल्या स्विचवर न तुटता भलत्याच जागी तुटला. केंब्रिज शहराच्या वीजकेंद्रासारखी तीन केंद्रे एकत्र जोडावीत, इतकी शक्ती त्या क्षणी परिपथात होती. कुंतलाखेरीज कशालाही इजा झाली नाही. त्याला बाहेरून मजबूत पट्टा बसवण्याचे ठरले, आणि १९२७ मध्ये कापित्सांनी ३ लाख २० हजार गॉसचे क्षेत्र प्रसिद्ध केले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेमतेम अर्ध्या गॉसचे आहे.

१५/२४
यातून नवे विज्ञानही हाती आले. तीव्र क्षेत्रात अनेक धातूंचा विद्युतरोध क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढतो, हे कापित्सांनी १९२८-२९ मध्ये दाखवले. ३ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांच्यासाठी बांधलेल्या मॉन्ड प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. दाराशी एरिक गिल यांनी कोरलेली मगर होती. कापित्सा रदरफर्डना लाडाने ‘मगर’ म्हणत. पण १९३४ च्या शरदात ते मायदेशी गेले असता सोव्हिएत सरकारने त्यांना परतू दिले नाही.

१६/२४
शास्त्रज्ञ एका देशात आणि त्याचे यंत्र दुसऱ्या देशात, असा पेच पडला. रदरफर्डनी सुटकेसाठी बरीच खटपट केली. ती निष्फळ ठरल्यावर त्यांनी यंत्रच मॉस्कोला पाठवण्यास संमती दिली. ३० हजार पौंडांना साहित्याचा व्यवहार झाला. कॉक्रॉफ्टनी पाठवणीची व्यवस्था पाहिली आणि कापित्सांचे सहायक एमिल लाउरमान ते पुन्हा उभारायला मॉस्कोला गेले. १९३८ मध्ये त्या क्षेत्रातले वर्णपटाचे निष्कर्ष मॉस्कोहून प्रसिद्ध झाले. ते पाहायला रदरफर्ड नव्हते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. गुरु-शिष्यांची पुन्हा भेट झाली नाही.

१७/२४
कापित्सा शून्याचा क्षण साधत होते, त्याच सुमारास कॅलिफोर्नियात दुसरी वाट शोधली जात होती. आर्क पेटतो तो हवेमुळे. मग टोकांमध्ये हवाच नसेल तर? कॅलटेकच्या रॉयल सोरेन्सन यांनी १९२६ मध्ये निर्वात नळीतल्या स्विचने ४० हजार व्होल्टहून अधिक दाबावर ९०० हून अधिक अँपिअरचा प्रवाह तोडून दाखवला. तत्त्व उत्तम होते, पण वर्षानुवर्षे निर्वात टिकवणारे सीलबंद पात्र आणि वायुविरहित धातू तेव्हा उपलब्ध नव्हते. व्यवहारात असे स्विच रुळायला १९५० आणि १९६० ची दशके उजाडली.

१८/२४
तोवर ‘पल्स्ड पॉवर’ हे स्वतंत्र क्षेत्र आकाराला येऊ लागले होते. सावकाश ऊर्जा साठवावी आणि निमिषात मोकळी करावी, हे त्याचे सूत्र. ऊर्जा कंडेन्सरमध्ये साठवली तर ती सोडायला स्विच नुसता जोडायचा असतो. ती कुंतलाच्या चुंबकीय क्षेत्रात साठवली तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक मावते, मात्र बाहेर काढायची तर वाहता प्रवाह तोडून दुसरीकडे वळवावा लागतो. साठा स्वस्त आणि आटोपशीर, पण दरवाजा भयंकर, असा हा सौदा आहे.

१९/२४
याचा भव्य नमुना ऑस्ट्रेलियात उभा राहिला. कॅव्हेंडिशमध्ये कापित्सांच्याच काळात काम केलेले मार्क ऑलिफंट १९५० मध्ये कॅनबेराला आले. महाकाय कणत्वरकाला वीज पुरवण्यासाठी त्यांनी ५०० मेगाज्यूल साठवणारे होमोपोलर जनित्र बांधायला घेतले. त्वरकाचा बेत बारगळला. जनित्र १९६२ मध्ये चालू झाले. खर्च आणि विलंब पाहून टीकाकारांनी ‘पांढरा हत्ती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर कोटी करत त्याला ‘व्हाइट ऑलिफंट’ म्हटले. पण ते १० लाख अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ शकत होते.

२०/२४
हा प्रवाह मात्र दिष्ट होता, एकाच दिशेचा. कापित्सांना लाभलेला शून्याचा क्षण येथे नव्हता. जनित्राने आधी कुंतल भरायचे आणि मग स्विच उघडून प्रवाह इच्छित जागी ढकलायचा, अशी रीत पडली. अशाच मांडणीतून रिचर्ड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दोन धातूच्या रुळांमधून ३ ग्रॅमचा प्लास्टिकचा तुकडा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने फेकला. ‘रेलगन’च्या आधुनिक संशोधनाला त्या प्रयोगाने गती दिली.

२१/२४
नसलेला शून्य निर्माणही करता येतो. निर्वात स्विचची टोके विलग करायची. आर्क पेटू द्यायचा. आणि आधीच भरून ठेवलेल्या कंडेन्सरमधून तेवढाच प्रवाह उलट दिशेने त्यात सोडायचा. दोन्ही प्रवाह क्षणभर एकमेकांना खोडतात, आर्क विझतो आणि निर्वात पुन्हा रोधक बनतो. १९८५ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या जेटी-६० या संलयन यंत्रात या युक्तीने ९० हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह तोडला जाई. फिझोंचा कंडेन्सर आणि सोरेन्सन यांची निर्वात नळी येथे एकत्र आली.

२२/२४
याहून जलद तोडायचे तर स्विचलाच आहुती द्यावी लागते. तीव्र विसर्गाने तार फुटून वाफ होते, हे लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेर्न यांनी १७७४ मध्येच नोंदवले होते. दोन शतकांनी तोच विनाश कामी आला : प्रवाह पातळ पत्र्यातून न्यायचा, ऐन शिखरावर पत्रा वाफेत उडतो, त्याचा रोध एकदम वाढतो आणि प्रवाह पर्यायी वाटेला लागतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत धातूऐवजी प्लाझ्माचाच स्विच करण्यात आला. तो सेकंदाच्या कोट्यंश भागांच्या हिशेबात उघडतो.

२३/२४
ऊर्जेला ठरलेली वाट मिळाली नाही तर काय होते, याचा दाखला १९ सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळ मिळाला. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या अतिवाहक चुंबकांतून ८,७०० अँपिअर वाहत असताना दोन चुंबकांमधला एक सदोष सांधा निकामी झाला. तेथे पेटलेल्या आर्कने द्रवरूप हेलियमचे पात्र भेदले. सुमारे ६ टन हेलियम निसटले, कित्येक टनांचे चुंबक जागचे हलले आणि ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. सुदैवाने बोगद्यात कोणी नव्हते. यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले.

२४/२४
वास्तविक त्या यंत्रात साठलेली ऊर्जा मोठ्या रोधकांत वळवणारे स्विच होतेच. पण सांधा तुटला तो त्यांच्या आवाक्याबाहेरच्या जागी. नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि २०१३ पासूनच्या दीर्घ विश्रामात १० हजारांहून अधिक सांधे पक्के करण्यात आले. हेन्रींच्या ठिणगीपासून येथवर निसर्गाची अट बदललेली नाही : प्रवाहाने साठवलेली ऊर्जा शून्याचा क्षण साधून संपू द्यावी, नाहीतर तिला आधीच आखलेली वाट द्यावी. यांपैकी काहीच केले नाही, तर वाट ती स्वतः काढते.

(समाप्त)
#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #मराठी